कपाट नंबर नऊ

टेक्सासमधल्या अर्विंगला घरमालक काकांकडे मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, तेव्हा आधी माझ्या सामानाची तपासणी झाली. संशय म्हणून नव्हे. घरात येणारी प्रत्येक वस्तू आली तेव्हा कोणत्या अवस्थेत होती, हे काकांना लिहून ठेवायचं होतं. त्यांनी माझ्या दोन्ही बॅगा बाहेरच्या खोलीत उघडायला लावल्या आणि पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर बॉलपेननं लिहायला सुरुवात केली. 'प्रेशर कुकर, पाच लिटर. डाव्या बाजूला पोचा. शिट्टी आहे, पण दुसऱ्या कुकरची.' 'चादर, सोलापुरी. एक टोक उसवलेलं.' 'लॅपटॉप. कंपनीचा. कंपनीनं बघावं.'

"काका, हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या तू म्हणशील, पोचा माझ्या घरात पडला."

"नाही म्हणणार."

"मग लिहून ठेवलं तर तुझं काय जातं?"

मी नागपूरचा, वादात लवकर हार मानत नाही. पण दोन विमानं आणि एक इमिग्रेशनची रांग यांच्यानंतर माणसाचं नागपूरपण जरा सैलावतं. शेवटचं कार्ड त्यांनी माझ्या नावानं केलं. 'भाडेकरू, वरची खोली' असं लिहिलं, मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं आणि खाली शेरा मारला: 'थकलेला. बाकी ठीक.'

त्या घरात मी तीन वर्षं राहिलो. घर साधंच होतं, हायवेच्या आवाजापासून दोन गल्ल्या आत. जवळच इंडियन ग्रोसरी, त्यामुळे आमच्यासारख्या आयटीतल्या पोरांना सोयीचं. काका तेव्हा सत्तरीला टेकले होते, एकटे राहत होते आणि एका मोठ्या हॉटेलच्या एअर कंडिशनिंगची देखभाल करून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले ते हॉटेलातून. देखभालीतून नाही.

घराचा थर्मोस्टॅट त्यांनी भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात कुलूपबंद केला होता. घरात बारा महिने बावीस डिग्री. त्याच्याशेजारी भिंतीवर आर्द्रता मोजायचं एक गोल घड्याळ आणि त्याखाली दोऱ्यानं टांगलेली वही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ते दोन्ही आकडे वहीत लिहीत. आर्द्रता पन्नासच्या पुढे गेली की घरात चौकशी सुरू होई.

"वरण तू लावलंस?"

"हो काका. चार शिट्ट्या."

"चार टक्के वाढली. दोन शिट्ट्यांत शिजेल असं वरण कर ना, भाऊ."

बुटांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या ज्या छोट्या पुड्या येतात, त्या आजूबाजूच्या मराठी घरांतून काकांकडे जमा होत. लोक दिवाळीला एकमेकांकडे चकल्या नेतात, तसे काकांकडे पुड्या घेऊन यायचे. काका त्या पुड्या तव्यावर शेकून कोरड्या करायचे आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. त्या कपाटात काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मराठी मंडळातल्या काकूंचा अंदाज होता, सोनं. मला वाटे, आणखी पुड्या.

काका मूळचे जळगावकडचे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकले आणि केळी पिकवायच्या खोल्यांवर मेकॅनिक म्हणून लागले. तिथून आखातात गेले. "केळ्यांना नव्वद टक्के लागते, म्युझियमला पन्नास," ते सांगत. "माणसाला कितीही चालते. म्हणून माणसाची कोणी वही ठेवत नाही."

आखातात ते जिथे होते ते एक छोटं बंदराचं शहर. त्याचं नाव मी लिहीत नाही. लढाया इतक्या झाल्या आहेत, की नाव घातलं की वाचणारे आपापली बाजू धरून बसतात, आणि मला सांगायचंय ते एका एसी मेकॅनिकविषयी. काका त्या शहराला 'आमचं गाव' म्हणत. "आमच्या गावाला" म्हणून सुरू झालेल्या वाक्यात उंट आला की नवा माणूस गोंधळायचा.

त्या गावाला नगरपालिकेचं म्युझियम होतं आणि काका तिथे बारा वर्षं एसी, पंखे, दिवे आणि नळ सांभाळत होते. म्युझियम जकातीच्या जुन्या गोदामात होतं. तीन दालनं. पहिल्यात मासेमारीची आणि मोत्यांच्या व्यापाराची सामग्री, दुसऱ्यात भांडी, नाणी आणि एक तुटकी होडी. तिसऱ्या दालनात नगराध्यक्षांना देशोदेशी मिळालेल्या ढाली आणि स्मृतिचिन्हं. नगराध्यक्ष हयात होते, त्यामुळे तिसरं दालन सगळ्यात मोठं होतं. मग लढाई झाली, म्युझियम लुटलं गेलं, अर्धं जळलं, आणि त्या जागी आता गाड्या उभ्या करायची जागा आहे. एवढं ते सांगत. त्यापुढे विचारलं, की उठून फिल्टर तपासायला जात.

एकदा रविवारी मी त्यांना डाउनटाउनमधल्या मोठ्या म्युझियममध्ये घेऊन गेलो. मला वाटलं, आनंद होईल. मी चित्रांसमोर थांबत होतो, आणि काका मान वर करून छतातल्या जाळ्यांखाली उभे राहून तळहातानं हवेचा झोत चाचपत होते. एका दालनात त्यांनी थेट पहारेकऱ्याला गाठलं.

"युवर एसी इज ब्लोइंग ऑन दॅट लेडी," ते म्हणाले.

पहारेकरी सभ्य होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. दालनात आम्हा तिघांशिवाय कुणीच नव्हतं. काकांनी भिंतीवरच्या, चारेकशे वर्षांपूर्वी रंगवलेल्या बाईकडे बोट दाखवलं. "पेंट विल क्रॅक," ते म्हणाले, आणि त्याच्याकडून वरिष्ठाचा फोन नंबर घेतल्याशिवाय हलले नाहीत. दोन महिन्यांनी ते मुद्दाम परत गेले. जाळीची पाती वळवलेली होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला चार शिट्ट्यांचं वरण लावू दिलं.

मोठेपणाशी त्यांचं वाकडं होतं, असं मला आधी वाटायचं. तसं नव्हतं. चुकीच्या नोंदीशी वाकडं होतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांचा सत्कार ठरला, कारण त्या वर्षी सत्काराला दुसरं कुणी उरलं नव्हतं. अध्यक्षांना माइक मिळाला की वस्तुस्थिती सहन होत नाही. ते म्हणाले, "आंतरराष्ट्रीय कीर्तीचे पुरातत्त्वज्ञ आणि एका प्राचीन संग्रहालयाचे माजी संचालक आज आपल्यात आहेत." टाळ्या झाल्या. काका शांतपणे उठले आणि माइकपाशी गेले.

"मी एसी मेकॅनिक होतो," ते म्हणाले. "संचालक दुसरे होते. ते चांगले होते. म्युझियम प्राचीन नव्हतं, गोदाम होतं. आणि या हॉलचा फिल्टर बदला. मोदकांना घाम आलाय."

मोदकांना खरंच घाम आला होता. घरी आल्यावर मिळालेल्या शालीचं कार्ड तयार झालं: 'शाल. पॉलिएस्टर. लेबलवर शुद्ध लोकर.'

मी राहायला गेल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांना एक फोन आला. फोनवर ते बराच वेळ अरबीत बोलले. मग मला हाक मारली. "इंजिनियर, शनिवारी घरीच थांब. साहेबांची मुलगी येतेय."

साहेब म्हणजे त्या म्युझियमचे संचालक. मुलगी आता पन्नाशीची होती आणि तीन तासांवरच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवत होती. म्युझियमची सगळी रजिस्टरं जळाल्यामुळे तिथे काय काय होतं याची यादी कुणाकडेच नव्हती. ती करायला ती निघाली होती, आणि केरळच्या एका जुन्या ड्रायव्हरकडून तिला काकांचा नंबर मिळाला होता.

ती आली. साधी बाई, पांढरे होत चाललेले केस, हातात लॅपटॉप आणि खजुराचा डबा. बोलणं इंग्रजीत झालं, मधेच ती आणि काका अरबीत शिरत. पहिल्या पंधरा मिनिटांत तिनं सगळं स्पष्ट सांगितलं.

"यादी शहरासाठी करतेय," ती म्हणाली. "पण खरं सांगते, मला स्वतःला फक्त कपाट नंबर नऊ हवंय."

नऊ नंबरच्या काचेच्या कपाटात मोती तोलायचा एक छोटा काटा होता, लाकडी पेटीत ठेवलेला. शहरातल्या पहिल्या मोठ्या मोती व्यापाऱ्याचा. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. लढाई शहराजवळ आली तेव्हा एका शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, नगरपालिकेची समिती मौल्यवान वस्तू हलवायला म्युझियममध्ये आली. नऊ नंबरचं कपाट रिकामं होतं. काच फुटली नव्हती, कुलूप शाबूत होतं. त्याच रात्री बाँब पडले आणि मागची बाजू जळून गेली. बाकीच्या कपाटांतलं जे लुटलं गेलं, त्यातलं काही पुढे बाजारातून परत मिळालं. काटा कधीच मिळाला नाही. लोकांनी ठरवलं, साहेबांनी तो आधीच विकला.

"बाबांना विचारलं की एकच वाक्य बोलायचे," ती म्हणाली. "किल्ली एकच होती आणि ती माझ्याकडे होती. बास. कमिटीला तेच, आईला तेच, मला तेच. नोकरी गेली. शेजारी मशिदीत त्यांच्या शेजारी बसेनासे झाले. सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही मी विचारलं. तेच वाक्य."

काका उठले आणि थर्मोस्टॅटपाशी गेले. डब्याच्या भोकांतून आत पाहिलं. बावीसच होतं. तिथेच थोडा वेळ उभे राहिले, मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडलं.

सोनं नव्हतं. पुड्यांच्या थरांमध्ये शंभर पानी वह्या होत्या, नऊ की दहा. म्युझियममध्ये भरायचे फॉर्म वेगळे होते, ते जळाले. पण काका रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन स्वतःची नोंद ठेवत: कुठल्या कपाटाचा बल्ब गेला, कुठे ओल आली, कुठल्या वस्तूवर धूळ बसली. देश सोडताना एकच बॅग नेता येणार होती. त्यांनी कपडे तिथेच सोडले आणि वह्या आणल्या.

आणि वह्या मराठीत होत्या. त्या शहराच्या म्युझियमचं जगातलं एकमेव शिल्लक दप्तर टेक्सासमध्ये होतं आणि ते जळगावच्या मराठीत होतं. मला घरी का थांबवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी वाचत गेलो, इंग्रजीत सांगत गेलो, ती टाइप करत गेली. काकांना तिथल्या पाट्या वाचता येत नव्हत्या, त्यामुळे त्यांनी प्रत्येक वस्तूला आपल्या घरातलं नाव दिलं होतं.

"'कपाट चार. तांब्याचं घंगाळ. आतून कल्हई नाही. बल्ब बदलला.'" मी वाचलं, आणि घंगाळ कसं सांगावं म्हणून हातानं आकार दाखवला.

"ते!" ती म्हणाली. "बाबांच्या पाटीवर 'विधिपूर्व शुद्धीचं पात्र' असं होतं. पाटी लिहायला त्यांना महिना लागला होता."

"म्हणजे आंघोळीचं," काका मराठीत म्हणाले. "घंगाळच ते. आणि साहेबांना पाट्या लांब लागायच्या."

मी याचं जपून भाषांतर केलं. ती पहिल्यांदा हसली. 'अडकित्त्यासारखं काहीतरी' म्हणजे शिंपले उघडायचं हत्यार निघालं. 'मोठी परात, कडेला नक्षी' ही कुणा सरदाराची मेजवानीची थाळी. 'ढाली, धूळ' ही नोंद आठवड्यातून एकदा येई, बारा वर्षं. बल्ब बदलण्यासाठी काकांनी कुठल्या कपाटाच्या डावीकडे काय, उजवीकडे काय, हेही लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या पडद्यावर दोन दालनं भिंतीसकट उभी राहिली. ती म्हणाली, इतकं तिला कुठल्याच सरकारी कार्यालयात मिळालं नव्हतं.

मग मी शेवटच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. समिती येण्याच्या आदल्या दिवसाचं, गुरुवारचं.

"'कपाट नऊ. सोनाराचा काटा. वरच्या डक्टमधून पाणी ठिबकतं. पेटीच्या झाकणावर थेंब. डक्टला टेप लावली. ह्युमिडिटी एकाहत्तर. कुलूप ठीक.'"

"लॉक ओके," असं माझ्या तोंडून गेलं, आणि मग मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

पुढची पानं कोरी होती. तिनं पानाचा फोटो घेतला. "म्हणजे गुरुवारी संध्याकाळी काटा कपाटात होता," ती सावकाश म्हणाली. "कुलूप ठीक होतं. आणि किल्ली बाबांकडे." तिनं लॅपटॉप मिटला. कुणावर चिडली नाही, रडली नाही. छातीवर हात ठेवून काकांचे आभार मानले आणि निघाली. काका तिची गाडी वळणापलीकडे गेली तरी दारातच उभे होते, दार उघडं टाकून. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये. मी त्या घरात राहिलो तेवढ्या काळात हे एकदाच झालं.

त्या संध्याकाळी सातची नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी मी मुद्दाम सहा शिट्ट्यांचं वरण लावलं. भिंतीवरच्या घड्याळानं अठ्ठावन्न दाखवलं. काका जेवले, ताट धुतलं, आणि आतल्या खोलीत गेले.

बुधवारी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट.

"तिला फोन कर. शनिवारी परत ये म्हणावं."

"काय सांगू?"

"नोंद अपुरी आहे म्हणून सांग."

ती शनिवारी आली. शेवटची वही टेबलावर ठेवलेली होती. काका म्हणाले, "मी मराठीत बोलतो. अरबीत माझी चूक होईल. तू एकेक वाक्य सांग तिला."

"काका, सगळं जसंच्या तसं सांगू?"

"मग तुला कशाला बसवलंय?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"किल्ल्या दोन होत्या."

मी सांगितलं. तिची बोटं की-बोर्डवर थांबली.

पुढचं त्यांनी एसीचा बिघाड सांगावा तसं सांगितलं. बल्ब सारखे जायचे आणि साहेबांचे गुडघे दुखायचे. दर वेळी त्यांना जिना उतरून किल्ली घेऊन यावं लागे. म्हणून त्यांनीच एक किल्ली करून काकांना दिली होती. नियमात बसत नव्हतं, कागदावर किल्ली एकच होती. त्या गुरुवारी डक्टला टेप लावली तरी थेंब थांबेना. पेटीचं लाकूड फुगायला लागलं होतं. साहेब बाहेर गेले होते. काकांनी कपाट उघडलं, पेटी काढली, आपल्या पंच्यात गुंडाळली आणि मागच्या प्लँट रूममध्ये, म्हणजे एसीच्या यंत्रांच्या खोलीत, कॉम्प्रेसरशेजारच्या फळीवर ठेवली. सगळ्या इमारतीत तीच खोली कोरडी होती. कपाटाला परत कुलूप लावलं.

"मेंटेनन्सवाल्यानं वस्तूला हात लावायचा नाही असा नियम होता," ते म्हणाले. "म्हणून लिहिलं नाही. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी पहिलं काम म्हणून परत ठेवणार होतो."

शुक्रवारी समिती आली. शुक्रवारी रात्री बाँब पडला तो जनरेटरच्या डिझेलवर, आणि पहिली जळाली ती प्लँट रूम. शनिवारी सगळ्या भारतीयांना एका शाळेत जमवून वाळवंटातून बसनं बाहेर काढलं. समिती आली होती, साहेबांवर आळ आला होता, यातलं काहीच काकांना माहीत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी या टेबलाशी ती सांगेपर्यंत त्यांना वाटत होतं, आपल्या हातून फक्त एक काटा गेला.

"मी तिथेच ठेवला असता तर कुणीतरी लुटला असता," ते म्हणाले. "मग कदाचित बाजारात मिळालाही असता."

मी हेही सांगितलं. आतल्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"बाबांना माहीत होतं?" तिनं विचारलं. "काटा कुठे आहे ते?"

"साहेब रोज पाचला प्लँट रूममध्ये चहाला यायचे. माझ्याकडे शेगडी होती. फळीवरची पेटी त्यांना दिसायला पाहिजे. पण त्या गुरुवारी ते परत येऊन चहाला आले होते का, ते मला आठवत नाही." ते थांबले. "आठ दिवस आठवतोय. आठवत नाही ते मी लिहिणार नाही."

"दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे, हे तर त्यांना माहीत होतं."

"हो."

"मग एवढं तरी का नाही सांगितलं त्यांनी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेच पाहिलं आणि पहिल्यांदाच उत्तर अरबीत दिलं. ते वाक्य मला नंतर तिनं सांगितलं. "सांगितलं असतं, तर शनिवारी मला बसमधून उतरवून घेतलं असतं."

ती उठून खिडकीशी गेली. परत येऊन बसली, तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज प्राध्यापिकेचा होता. हे तुम्ही लिहून द्याल का, तिनं विचारलं.

काकांनी वही पुढे ओढली. मी पानावर बोट ठेवलं. "काका, गुरुवारच्या नोंदीखाली दोन ओळी मोकळ्या आहेत. तिथे बसेल. सलग वाटेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पहारेकऱ्याकडे पाहिलं होतं.

"मागच्या तारखेत लिहू? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालत असेल. मग उरलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवील?"

त्यांनी दोन ओळी तशाच सोडल्या. त्याखाली त्या दिवसाची तारीख घातली, गाव अर्विंग लिहिलं. उठून भिंतीवरचं घड्याळ पाहून आले. मग लिहिलं: 'तापमान २२. ह्युमिडिटी ४९. कपाट ९ मधली वस्तू गुरुवारी संध्याकाळी मी काढली. दुसऱ्या किल्लीनं. किल्ली साहेबांनी बल्बसाठी दिली होती, वस्तू काढायला नाही. प्लँट रूममध्ये ठेवली. कारण गळती. परवानगी घेतली नाही. त्या दिवशी नोंद केली नाही. चूक माझी.' खाली सही, आणि सहीखाली 'एसी मेकॅनिक'.

नगरपालिकेनं याची दखल घेतली की नाही, मला माहीत नाही. घेतली असली तर कळवलं नाही. तिनं मात्र ती नोंद तिथे, त्या शहरात राहणाऱ्या आपल्या आईला फोनवर वाचून दाखवली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो हिंदुस्थानी माणूस अजून चहात इतकी साखर घालतो का? पुढच्या शुक्रवारी आईनं शेजारच्या चार बायकांना घरी बोलावलं आणि ती नोंद स्वतः वाचून दाखवली. कुणीही माफी मागितली नाही. पण चौघीही चहा घेऊन गेल्या, आणि त्या घरात शेजारच्या बायका चहा प्यायल्याला बरीच वर्षं झाली होती.

मी आता अर्विंगहून अर्ध्या तासावर, फ्रिस्कोला राहतो. लग्न झालं, घर घेतलं, थर्मोस्टॅटवर बायकोचा ताबा आहे. निघताना काकांनी माझं जुनं कार्ड काढून सामान पडताळून पाहिलं होतं. कुकरला नवा पोचा नव्हता. माझ्या नावापुढचं 'थकलेला' खोडून त्यांनी 'वजन वाढलेलं' असं केलं होतं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. यादी पुरी होऊन इंटरनेटवर आली होती. अरबी आणि इंग्रजीत, मधेच 'घंगाळ' हा शब्द तसाच ठेवलेला. काकांनी ती ग्रोसरीशेजारच्या दुकानातून छापून आणली होती आणि चार दिवस तपासत होते.

"इंजिनियर, तिला कळव. चूक आहे."

"कुठली?"

"सगळ्यात शेवटी बघ. 'पंचा, सुती, भारतीय. आगीत नष्ट.' त्याला नंबर दिलाय तिनं. पंचा म्युझियमचा नव्हता, माझा होता."

मी तिला तसं लिहिलं. उत्तर लगेच आलं. बाबांचा नियम होता, तिनं लिहिलं होतं. जी वस्तू म्युझियममध्ये एक रात्र राहिली, ती कुणाचीही असो, तिला नंबर द्यायचा.

मी हे काकांना वाचून दाखवलं.

"होता खरा तसा नियम," ते म्हणाले. "मग यादी अजून अपुरी आहे. लिहून घे."

मी कागद घेतला.

"प्लँट रूम. फळीवर. चहाचे कप, काचेचे, दोन."

"अवस्था?"

"एक चांगला. साहेबांचा," काका म्हणाले. "एकाला तडा होता. तो माझा."